ओकअण्णांचं देवक

आमचे ओकअण्णा सकाळी तोंड धुतलं की पहिला नमस्कार अंगणातल्या झाडाला करत, दुसरा एका इंग्रजी पुस्तकाला, आणि वेळ उरला तर देवघरातल्या देवांना. वेळ बहुधा उरत नसे, कारण तोवर नळाला पाणी आलेलं असे आणि त्यांची बायको, आमची अक्का, कळशी घेऊन दारात उभी असे. झाड होतं सिल्व्हर ओकचं. बसवनगुडीतल्या आमच्या घरापुढे कुण्या साहेबाच्या काळात लावलेलं, सरळसोट वाढलेलं, वर्षातून एकदा दात घासायच्या ब्रशसारखी नारिंगी फुलं येणारं. अण्णा त्याच्या खोडाला दोन्ही हात लावून डोळे मिटत आणि हळू आवाजात म्हणत, "ओक... ओक..." आम्ही मुलं पायरीवर बसून हसून लोळत असू. एकदा शेजारी नवीनच आलेल्या बाईंनी भिंतीवरून हे पाहिलं आणि बिचाऱ्यांना मळमळतंय असं समजून लिंबाचं सरबत पाठवलं. तेव्हापासून त्यांचं नाव ओकअण्णा पडलं. त्यांना ते पदवीसारखं वाटे.

अण्णा माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. एकाच घराच्या दोन भागांत आम्ही राहत होतो. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी त्यांच्या भागात जास्त आणि आमच्या भागात कमी वाढले. आम्ही मूळचे मराठे. शहाजीराजांबरोबर इकडे कन्नड मुलखात आलेले, असं घरात सांगत. तीनशे वर्षांत आमचं आडनाव झिजत झिजत नुसतं 'राव' उरलं होतं, आणि मराठीत इतकं कन्नड मिसळलं होतं की पुण्याकडचे पाहुणे आले की आमच्याशी हिंदीत बोलायला लागत.

केल्टांचं वेड अण्णांना कसं लागलं, ते सांगते. साहेब लोक गाशा गुंडाळून गेले त्या वर्षी कॅन्टोन्मेंटमध्ये त्यांच्या सामानाचे लिलाव चालले होते. अण्णा गेले होते कपाट आणायला. आले एका आयरिश डॉक्टरची ट्रंक घेऊन. ट्रंकेत एक कसर लागलेला कोट, एका पायाचा बूट आणि एक जाडजूड पुस्तक होतं. आयर्लंड, वेल्स या मुलखांतले जुने केल्ट लोक ख्रिस्ती होण्यापूर्वी कोणते देव मानत, कोणती झाडं पुजत, याची त्यात माहिती होती. पहिली चाळीस पानं वाळवीनं खाल्ली होती. त्या चाळीस पानांत काय होतं हे अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही, त्यामुळे त्याविषयीची त्यांची मतं फार ठाम होती.

पुस्तक एक्केचाळिसाव्या पानावर सुरू होई, तिथेच अण्णांना साक्षात्कार झाला. हे केल्ट लोक स्वतःला झाडांची लेकरं म्हणवत. कुणी ओकचा मुलगा, कुणी हेझलचा, कुणी यू नावाच्या झाडाचा. प्रत्येक टोळीचं एक पवित्र झाड असे. राजाला गादीवर बसवायचं ते त्याच्याखाली. शत्रू चालून आला की माणसं मारण्याआधी ते झाड तोडून जाई, कारण त्यात अपमान मोठा. शिवाय त्यांचा डोन नावाचा एक मूळपुरुष होता, देवही आणि पणजोबाही. मेल्यावर सगळ्या वंशजांनी समुद्रातल्या त्याच्या घरी जाऊन राहायचं. "अगं, हे तर आपलंच आहे," अण्णा अक्काला म्हणाले. "कुळाचं झाड म्हणजे देवक. डोन म्हणजे यम, आपला पहिला पितर." अक्का म्हणाली, "सरी, बरं आहे. पितरांना कपाट लागत नाही. मला लागतं." कपाट पुढे पाच वर्षांनी आलं.

अण्णांचा दुसरा नाद म्हणजे आधार. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि संदर्भ न देता लिहिलेली कुठलीही टिपणी लाल शाईत 'आधार?' असा एकच शब्द लिहून परत पाठवत. तीस वर्षं हे केल्यावर ती शाई त्यांच्या अंगात भिनली होती. अक्का म्हणाली, आज पाऊस येईल, तर 'आधार?' गवळी म्हणाला, म्हैस आटली, तर 'आधार?' आधार म्हणजे छापील, आणि छापील म्हणजे इंग्रजी. कन्नडात छापलेलं निम्मं खरं, मराठीत छापलेलं 'पाहू', आणि बायकांनी तोंडी सांगितलेल्या सगळ्याला त्यांच्याकडे 'गप्पा' असा एकच खण होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रंथ लिहायला घेतला. अव्हेन्यू रोडवरून लांबट वह्या आणायच्या, डाव्या पानावर केल्ट लिहायचे, उजव्या पानावर मराठे. केल्टांच्या पुरोहितांना ड्रुइड म्हणत. अण्णांनी उजवीकडे लिहिलं, 'द्रविड'. म्हणजे आयर्लंडचे भटजी आपल्या इकडून गेलेले, हे सिद्ध. त्यांच्या देवांच्या आईचं नाव दनू. उजवीकडे, 'दनूची मुले ती दानव'. यावर मी विचारलं, "म्हणजे तिकडचे देव ते आपले राक्षस?" अण्णा म्हणाले, "दोन कचेऱ्यांत एकाच फाइलीला वेगळे नंबर असतात." त्यांच्या सगळ्यात मोठ्या देवाचं नाव डग्डा. त्याच्याकडे एक कढई होती, ती कधी रिकामी होत नसे, आणि तो लापशी खाऊन खाऊन इतका सुटला होता की त्याला चालवत नसे. अक्का हे ऐकून म्हणाली, "दगडा? आपण दगडाचा देव करतो, त्यांनी देवाचा दगड केला. स्वल्प फरक आहे." हे वाक्य अण्णांनी वहीत उतरवून घेतलं, पण आधार नसल्यामुळे खोडलं.

एकदा पलीकडच्या रस्त्यावर पुण्याहून बदलून आलेले एक इंजिनियर राहायला आले. त्यांच्या फाटकावर इंग्रजीत पाटी होती: ओक. अण्णा सकाळी फिरायला गेले, पाटी पाहिली, आणि चपला काढून आत गेले. "आपण त्या झाडाचे वंशज," ते हात जोडून म्हणाले, "आपलं देवक आपल्या आडनावातच शिल्लक राहिलं." ते गृहस्थ दाढी करत होते. ते म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी, पण आम्हाला रोपं नको आहेत. बाग लँडलॉर्ड बघतो." अण्णांना याचं वाईट वाटलं नाही. कुळाचं विस्मरण झालेल्या माणसांविषयी त्यांच्या मनात नुसती करुणा असे.

त्यांच्या व्रताची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ड्रुइड लोक शुद्ध षष्ठीला ओकवर चढून सोन्याच्या विळ्यानं एक पवित्र वनस्पती कापत, खाली पांढरं वस्त्र धरत म्हणजे ती जमिनीला लागू नये, आणि शेजारी दोन पांढरे बैल उभे करत. ती वनस्पती कोणती हे अण्णांनी कोशात पाहिलं. निघालं बांडगूळ. आमच्या सिल्व्हर ओकवर बांडगूळ नव्हतं, शेजारच्या वकिलांच्या आंब्यावर भरपूर होतं. म्हणून एका षष्ठीला संध्याकाळी अण्णा कासोटा मारून भिंतीवरून आंब्यावर चढले. सोन्याच्या विळ्याऐवजी अक्काची विळी पाटावरून उपसून घेतलेली. खाली मी आणि माझे वडील त्यांचा धुतलेला पंचा ताणून उभे. बैलगाडीवाल्याला बोलावलं होतं, पण त्याचा एकच बैल पांढरा होता, दुसरा तांबडा, त्याला चुना फासावा की कसं, यावर खल चालला असताना वकील बाहेर आले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "एनु रावरे, माविनकायी बेकित्ता?" कैऱ्या हव्या होत्या का, एवढंच त्यांनी विचारलं. अण्णा वरूनच म्हणाले, "कायी बेड. बांडगूळ बेकु." कैऱ्या नकोत, बांडगूळ हवं. ते बांडगूळ अक्कानं घरात घेऊ दिलं नाही. "घरात एक आहे तेवढं पुरे," ती म्हणाली.

माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं तेव्हा अण्णांच्या चाळीस वह्या भरल्या होत्या. मुलगा साताऱ्याकडचा, मराठा, शिकून इथल्या सरकारी प्रयोगशाळेत लाकडांवर संशोधन करणारा. मला पाहायला आला तेव्हा चहा झाल्यावर अण्णा त्याला अंगणात घेऊन गेले. मी खिडकीशी होते. अण्णांनी त्याला झाड दाखवलं, ड्रुइड सांगितले, ओकच्या मुलांची नावं सांगितली. तो नीट ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं खाली पडलेलं एक पान उचललं, उलटं केलं, आणि त्याच्यातला शास्त्रज्ञ नको त्या वेळी जागा झाला. "पण काका," तो म्हणाला, "हा ओक नाही. नुसतं नाव तसं पडलंय. हे झाड ऑस्ट्रेलियातलं. साहेबांनी शंभरेक वर्षांपूर्वी कॉफीच्या मळ्यांत सावलीला आणलं." आणि अण्णांना बरं वाटावं म्हणून त्यानं पुढे जोडलं, "याचं प्लायवुड फार छान होतं. चहाची खोकी याचीच करतात."

अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा 'आधार?' विचारलं नाही. त्या मुलाच्या हातात पान होतं आणि तो खरं बोलत होता, हे त्यांना दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून झाडाचा नमस्कार बंद झाला. अंगणातून जाताना ते त्या झाडाकडे न पाहता जात, आणि मध्येच नुसतं "ऑस्ट्रेलिया" म्हणत. अक्काला सुरुवातीला मजा वाटली, मग भीती. ती म्हणाली, "ओक ओक करत होते तेच बरं होतं."

मुलालाही आपण काय करून बसलो ते कळलं. तो पुढच्या रविवारी क्षमा मागायला आला. त्यानंतरच्या रविवारी खऱ्या ओकचं चित्र असलेलं पुस्तक घेऊन आला. अण्णा त्याच्यासमोर यायचे नाहीत, त्यामुळे त्याच्याशी बोलत बसायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या रविवारी पुस्तकाशिवायच आला. मी सरळच सांगते, मला तो मुलगा फार आवडला. एका म्हाताऱ्याचं झाड मोडलं म्हणून तीन रविवार खाली मान घालून येणारा माणूस मला तोवर दुसरा भेटला नव्हता, आणि दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं माझ्या मनातून पार गेलं.

मग त्याची आई साताऱ्याहून आली. ठसठशीत कुंकू, नऊवारी लुगडं, आणि समोरच्याच्या हातातलं भांडं खाली ठेवायला लावील असा आवाज. तिला मी पसंत पडले. पण उठता उठता तिनं विचारलं, "तुमचं देवक कंचं?" आमच्या बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ती म्हणाली, "आमचं कळंब. एक देवक असलं तर ती भावंडं, मग लगीन न्हाई. आमची भावकी या बाबतीत लई कडक हाय. सुपारी फोडायला माझे दीर येतील, त्यांना काय ते सांगा." आणि ती चिकपेटेत लुगडी पाहायला गेली.

माझे वडील भित्रे. ते अण्णांकडे गेले. ज्या माणसानं आयर्लंडातल्या एकूणएक टोळ्यांची झाडं पाठ केली होती, त्याला आपल्या घराचं झाड ठाऊक असणारच, असं त्यांना वाटलं. अण्णा बराच वेळ वह्या चाळत होते. डावी पानं भरलेली होती. उजव्या पानांवर शिंदे, मोरे, घोरपडे, सगळ्यांची देवकं होती. राव कुठेच नव्हते. मी आत गेले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या घराची फाइल उघडायची राहून गेली." त्यांचा चेहरा पाहून मला राग येईना.

शेवटी अक्कानंच सांगितलं, थोरल्या आत्यांना विचारा. थोरल्या आत्या म्हणजे अण्णांच्या वडिलांची बहीण, नव्वदीची. बनशंकरीच्या देवळापलीकडे, तेव्हा तिकडे नुसती शेतं होती, मुलाच्या घरी असायची. अण्णा मला घेऊन गेले. आत्या उन्हात बसली होती. अण्णांनी विचारलं, आणि ती विचार न करता म्हणाली, "कळंब, कणो, कळंब रे. माझ्या लग्नात डहाळी कुणी आणली? तुझ्या आज्ज्यानं. माझ्या हातांनी पूजा केली."

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" अण्णांनी विचारलं.

"तू विचारलास कुठे? तू येतोस आणि आयर्लंड सांगून जातोस."

परतताना बसमध्ये मी पदराखाली रडत होते आणि कुणाला दिसू नये म्हणून खिडकीतून बाहेर पाहत होते. घरी आल्यावर ते अंगणात थांबले. "आत्या खोटं सांगायची नाही," ते म्हणाले. "एक देवक, हे पक्कं." मी म्हटलं, "सरी, अण्णा." ते म्हणाले, "स्वल्प थांब. मला विचार करू दे." मी घरात गेले. ते मात्र कितीतरी वेळ त्या झाडापाशी उभे होते, ज्याच्याकडे ते महिनाभर पाहत नव्हते.

सुपारी फोडायला सातारकर आले. मुलगा, त्याची आई, आणि फेट्यातले चुलते. गालिच्यावर बसल्यावर चुलत्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. वडिलांनी अण्णांकडे पाहिलं. तेव्हा अण्णा उठून उभे राहिले. इस्त्रीचा कोट, डोक्याला जरीकाठी मैसूर पेटा. खिडकीतून दिसणाऱ्या झाडाकडे हात करून ते म्हणाले, "आमच्या घराण्याचं देवक ते. तीनशे वर्षांपासून."

चुलत्यांनी झाड पाहिलं. असलं झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "ह्ये कंचं?" ते म्हणाले. "आमच्याकडं कुणाचं असलं देवक ऐकलं न्हाई. ह्येला आधार काय?"

मी दाराआड उभी होते. मुलगा स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होता. ते झाड या देशात येऊन शंभर वर्षंच झाली, हे त्या खोलीत त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक नव्हतं. एक शब्द तो बोलला असता तर सगळं संपलं असतं. अण्णांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही. ते चुलत्यांना म्हणाले, "मी या घरातला थोरला. मी सांगतोय, हाच आधार." आणि खाली बसले.  चुलत्यांनी मान डोलावली, आणि मुलाच्या आईनं सुपारी पुढे केली.

मांडवात आमच्या बाजूनं देवक म्हणून सिल्व्हर ओकची डहाळी बसवली. भटजींनी दोनदा विचारलं की हे चुकून तर आलं नाही ना. नारिंगी फुलांचा तो हंगाम होता. माझ्या लग्नाच्या फोटोत वराच्या बाजूला कळंब आणि माझ्या बाजूला जणू दहाबारा टूथब्रश उभे केलेले दिसतात. माझ्या नवऱ्याला मी पहिल्याच महिन्यात कळंबाचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. सासूबाईंना हे कळता कामा नये, एवढं आमचं दोघांचं ठरलं.

त्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा अण्णांचं मेज रिकामं होतं. वह्या दोरीनं बांधून माळ्यावर टाकलेल्या. मी विचारलं, "ग्रंथ कुठवर आला?" ते म्हणाले, "खोटी नोंद केलेल्या कारकुनानं पुन्हा टाक उचलायचा नसतो. एक नोंद खोटी निघाली की बाकीच्यांवर कुणी का विश्वास ठेवावा?" मी खूप समजावलं. कुणाचं नुकसान झालं नाही म्हटलं, ग्रंथ अजून कुणी वाचलेला नाही म्हटलं. ते हसले, पण वह्या खाली आल्या नाहीत. आम्ही सगळे ज्या ग्रंथाची इतकी थट्टा करत आलो, तो त्यांच्या आयुष्यात केवढा मोठा होता हे मला तेव्हा समजलं, आणि तो माझ्यासाठी बंद पडला होता. मला दोन मुलं झाली. प्रत्येक वेळी अण्णा पाहायला आले, मुलाच्या हातात चांदीचा रुपया ठेवून गेले, आणि त्यांनी एकदाही ग्रंथाचं नाव काढलं नाही.

नऊ वर्षं अशी गेली. सासूबाई हिवाळ्यात आमच्याकडे राहायला येत. सन पासष्ट-सहासष्टच्या सुमाराची गोष्ट, अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे दिवस होते. आम्ही दोघी दुपारी शेंगा सोलत बसलो होतो. मध्येच त्या म्हणाल्या, "तुझे ते अण्णा हल्ली काय लिवत न्हाईत व्हय?" माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. कळंब, थोरल्या आत्या, खोटं, वह्या.

सासूबाई सोलत राहिल्या. "मला त्याच दिशी ठाऊक हुतं," त्या म्हणाल्या. "ते झाड परमुलखातलं, हे पोरानं पहिल्यांदा तुला बघून आला त्याच रात्री पत्रात लिवलं हुतं. मग हे खोटं बोलायलेत तर खरं देवक कळंबच असणार. दुसरं असतं तर लपवलं कशाला असतं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी त्याच्याकडं येऊन राहिले तवा पोरगं तुमच्याकडं जाऊन आलं की जेवताना हसायचं. देवक काय, दिरांसाठी कुणातरी थोरल्यानं बोलायला पायजे हुतं. ते बोलले."

मी शेंगा सुपात तशाच टाकून बसवनगुडीला गेले. अण्णा व्हरांड्यात बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पावलांवरून माणूस ओळखत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी सांगितलेलं कुणालाच खरं वाटलं नव्हतं?"

"चुलत्यांना वाटलं होतं."

"एकालाच?"

"एकालाच."

"तो माणूस कसा आहे? हुशार?"

"नाही, अण्णा."

त्यांना खरोखर वाईट वाटलं. जन्मात एकदाच खोटं बोललेला माणूस, आणि तेही धड जमलं नाही. थोड्या वेळानं कचेरीतला आवाज काढून ते म्हणाले, "ज्या नोंदीवर कुणी जाणकार विसंबला नाही, ती रद्द समजावी. असा नियम आहे." मग त्यांच्या लक्षात आलं असावं की या नियमानं ती नोंद सुपारी फोडली त्याच दिवशी रद्द झाली होती, आणि मधली नऊ वर्षं त्यांनी उगाच टाक खाली ठेवला होता.  मी त्यांच्या पायांशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नकोस. एक वही आणून दे. रेघा ठळक असलेली."

मोतीबिंदूमुळे त्यांचं अक्षर बोटभर मोठं झालं होतं; एका पानावर पाचसहा ओळी मावत. रोज सकाळी थोडं लिहीत. अक्कानं मला सांगितलं की आता ते तिला काहीबाही विचारतात आणि ती सांगेल ते लिहून घेतात, तिची आई कुठली, तिच्या सासूनं लग्नात कोणती डहाळी पाहिली. अकरा पानं झाली आणि ते गेले. दुपारी, जेवून, खुर्चीत.

चाळीस वह्या माझ्या चुलतभावानं नेल्या. अकराव्या पानावर थांबलेली वही अक्कानं मला दिली. तिच्यात आयर्लंड नाही. डावं पान नाही, उजवं पान नाही. आमच्या घरात आलेल्या आणि आमच्या घरातून गेलेल्या बायकांची नावं आहेत, एकीखाली एक, आणि प्रत्येकीपुढे ती कुठल्या झाडातून कुठल्या झाडात गेली ते. सगळ्यांत वर थोरली आत्या. सगळ्यांत खाली माझं नाव, आणि त्यापुढे: 'कळंबातून कळंबात दिली, राजीखुशीने.'